फ्रेंच ओपनच्या अंदाजांचा खेळ: ड्रॉपासून सोलापुरी चादरीपर्यंत

मे महिन्याच्या शेवटी सोलापुरात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आयपीएल शेवटाला आलेली असते, पोरांना सुट्टी असते आणि पंख्याखाली बसण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. फ्रेंच ओपन नेमकी याच दिवसांत येते. पॅरिसचं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्यामुळे तिथले सकाळी अकराचे सामने आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होतात, मुख्य कोर्टावरचा पहिला सामना साडेतीनला, आणि अंतिम सामना संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. ऑस्ट्रेलियन ओपनसारखं पहाटे उठणं नाही की अमेरिकन ओपनसारखं रात्रभर जागणं नाही. रात्रीच्या सत्रातला एक सामना तेवढा आपल्या पावणेबाराला सुरू होतो. ज्याची दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट नाही त्याने तो खुशाल बघावा.

म्हणून मित्रांमध्ये निकालांच्या अंदाजाचा खेळ लावायला चार ग्रँड स्लॅमपैकी हीच स्पर्धा सगळ्यात सोयीची. तरी बहुतेक गटांत हा खेळ चौथ्या-पाचव्या दिवशी थंड पडतो. कोणाचा विजेता दुसऱ्याच फेरीत बाद होतो आणि तो माणूस गटात बोलायचा बंद होतो. कोणी सामना सुरू झाल्यावर नाव बदलतो. गुण कसे मोजायचे यावर दोघांचं वाजतं. या सगळ्यावर उपाय एकच: नियम ड्रॉ (पहिल्या फेरीपासून कोणाची गाठ कोणाशी, याची यादी) निघायच्या आधी ठरवायचे, आणि ते असे ठरवायचे की टेनिस कोळून प्यायलेला आणि फक्त नदालचं नाव ऐकलेला असे दोघेही दुसऱ्या शनिवारपर्यंत शर्यतीत राहतील. पुढे जे लिहिलंय ते त्याच हिशेबाने.

माणसं किती, आणि मुनीम कोण

आठ ते बारा जण पुरेत. पाचपेक्षा कमी असले तर चुरस लागत नाही, आणि पंधराच्या वर गेले की तक्ता भरणारा वैतागतो. सगळेच टेनिसवेडे असायची गरज नाही. उलट जुळे सोलापुरातला एखादा शेजारी, ऑफिसातल्या एक-दोन मॅडम, घरातली बारावी झालेली मुलगी असा मिश्र गट जास्त रंगतो. कारण टेनिसवेडे सगळे तीच चार नावं लिहितात आणि मग फरक पडायचा कुठे?

एकाला मुनीम करा. त्याची कामं तीन: अंदाज गोळा करणं, रोज रात्री गुण मांडणं, वाद झाला तर नियम वाचून दाखवणं. स्वतःच्या मनाने नियम लावणारा मुनीम नको. थोडा रटाळ, पण हिशेबाला चोख असा माणूस बघा.

अंदाज गटावर टाकायचे नाहीत. प्रत्येकाने ते मुनिमाला वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅप करायचे. गटावर टाकले की शेवटी पाठवणारा आधीच्या सगळ्यांचं वाचून आपलं ठरवतो, आणि हे सगळीकडे होतं. मुनीम स्वतः खेळत असेल तर त्याने आपला तक्ता मुदतीच्या आधी गटातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवायचा. मुदत संपली की सगळे तक्ते एकाच वेळी गटावर. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल या कामाला वापरू नका, त्यात दिलेलं मत नंतरही बदलता येतं. साधा मेसेज बरा: त्यावर वेळ उमटलेली असते, आणि पाठवल्यावर दुरुस्त केला तर तसा शिक्काही दिसतो.

पैसे लावायचे नाहीत. जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७ पासूनचा आहे आणि पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने बंदी आणली, हे एक. दुसरं असं की पैसे आले की दोस्ती उसवते. बक्षिसाचं बघू शेवटी.

कोणत्या दिवशी काय

स्पर्धा रविवारी सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. ड्रॉ त्याआधीच्या गुरुवारी निघतो. पण गुरुवारी संध्याकाळीच नावं भरायला बसू नका. एकेरीच्या १२८ जागांपैकी १६ जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या असतात, आणि ती फेरी तेव्हा संपलेली नसते. ड्रॉमध्ये त्या जागी नुसतं ‘क्वालिफायर’ लिहिलेलं असतं. खरी नावं पात्रता संपल्यावर बसतात. शिवाय ड्रॉ निघाल्यावर माघार घेणारेही दरवर्षी असतात. म्हणून गुरुवारी ड्रॉ छापून घ्यायचा, शुक्रवारी-शनिवारी त्यावर पेन्सिल चालवायची आणि रविवारी सकाळी पक्कं करायचं.

मुदत: रविवार, दुपारी दोन. पहिला चेंडू अडीचला पडतो.

पहिली फेरी रविवार ते मंगळवार, दुसरी बुधवार-गुरुवार, तिसरी शुक्रवार-शनिवार, चौथी रविवार-सोमवार. मग मंगळवार-बुधवार उपांत्यपूर्व, गुरुवारी महिलांची उपांत्य फेरी, शुक्रवारी पुरुषांची. शनिवारी महिलांचा अंतिम सामना, रविवारी पुरुषांचा. हे वेळापत्रक मुनिमाने गटाच्या वर्णनात टाकून ठेवलं की ‘आज कोणाची मॅच’ हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

तक्त्यात काय लिहायचं

हौशी लोक सगळ्या १२७ सामन्यांचे विजेते लिहितात. हौस असेल तर जरूर करा, पण मिश्र गटात ते चालत नाही. चाळिसाव्या नावाला माणूस कंटाळतो आणि पुढे आंधळेपणाने वरचं नाव लिहीत सुटतो. त्यापेक्षा पुरुष आणि महिला एकेरीसाठी प्रत्येकी असा छोटा तक्ता करा:

- उपांत्यपूर्व फेरी गाठणारे आठ जण: प्रत्येक बरोबर नावाला ३ गुण
- उपांत्य फेरी गाठणारे चार: प्रत्येकी ५
- अंतिम फेरीतले दोन: प्रत्येकी ८
- विजेता: १२
- ‘गळती’: पहिल्या १६ मानांकितांपैकी (मानांकित म्हणजे क्रमवारीवरून १ ते ३२ आकडा मिळालेले खेळाडू) तिसरी फेरीही न गाठणारे तिघं, त्यातला किमान एक पहिल्या आठातला: प्रत्येकी ४

म्हणजे एका तक्त्याचे कमाल ८४ गुण. विजेता बरोबर आला तर त्याच्या वाटेवरचे मिळून २८ गुण हाती लागतात, एकूण गुणांच्या तिसरा हिस्सा. हे प्रमाण मुद्दाम ठेवलंय. विजेत्याचं वजन याहून वाढवलं की बाकी खेळ शोभेपुरता उरतो. दर फेरीला गुण दुप्पट करायची जी पद्धत आहे (१, २, ४, ८, १६, ३२, ६४), तिच्यात १२७ सामन्यांचे एकूण ४४८ गुण होतात आणि त्यातले १२७ एकट्या विजेत्याच्या वाटेवर असतात. ज्याचा विजेता चुकला तो बहुतेक संपला. सगळे सामने लिहायचेच असतील तर १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी चढण घ्या. एकूण २९५ गुण होतात आणि विजेत्याच्या वाटेला त्यातले ५३. पहिल्या फेऱ्यांमध्ये डोकं लावणाऱ्याचं चीज होतं.

छोट्या तक्त्याला दोन जोड द्यायचे. एक, तुम्ही लिहिलेला बिगरमानांकित खेळाडू उपांत्यपूर्व फेरीत पोचला तर ३ जादा गुण. दुसरा जास्त महत्त्वाचा: दुसऱ्या आठवड्याचा नवा कागद. चौथी फेरी सोमवारी संपली की उरलेल्या आठ जणांवर सगळ्यांनी पुन्हा अंदाज द्यायचे. मुदत मंगळवारी दुपारी दोन. उपांत्यपूर्वच्या चार सामन्यांना प्रत्येकी २, उपांत्यच्या दोनला प्रत्येकी ३, अंतिमला ४. म्हणजे १८ गुण, पुरुष-महिला मिळून ३६. पहिला कागद ज्याचा पार धुऊन निघाला, त्यालाही यात जीव येतो. आघाडीवर असलेल्याला घामही फुटतो.

नावांऐवजी मानांकनाचे आकडे लिहायची मुभा द्या. श्वियाटेक हे पोलंडच्या खेळाडूचं नाव आमच्या गटात सहा तऱ्हांनी टाइप होतं, आणि आडनावं सारखी असली की खरोखर घोळ होतो: मिरा आणि एरिका या दोघी आंद्रिवा बहिणी, फ्रान्सिस्को आणि हुआन मॅन्युएल हे दोघे सेरुंडोलो भाऊ. बिगरमानांकित असेल तर पूर्ण नाव लिहायचं, हा नियम पक्का करा.

दुहेरीचा तक्ता नको, जोड्या शेवटच्या क्षणाला बदलतात. गंमत म्हणून एक प्रश्न ठेवता येईल: भारतीय खेळाडू असलेली जोडी पुरुष, महिला किंवा मिश्र दुहेरीत कितव्या फेरीपर्यंत जाईल? अचूक उत्तराला ५ गुण. पॅरिसने या बाबतीत आपल्याला बरंच दिलंय. महेश भूपतीने १९९७ मध्ये रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, ते भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. १९९९ मध्ये पेस-भूपती, २०१२ मध्ये सानिया-भूपती, २०१७ मध्ये बोपण्णा.

ड्रॉ वाचायचा कसा

इथे खरा खेळ आहे. ड्रॉ मोबाइलवर वाचू नका. नव्या पेठेत किंवा सात रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून घ्या, पुरुषांचा एक आणि महिलांचा एक. मग पट्टी घेऊन १२८ नावांचे १६-१६ चे आठ भाग करा. प्रत्येक भागातून एकच जण उपांत्यपूर्व फेरीत जाणार. म्हणजे ‘आठ जण लिहा’ या कामाचे आठ छोटे तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्यात सोळातला एक निवडायचाय. दोन नावं एकाच भागातली लिहिली तर एकाचे गुण आधीच गेले. पट्टी न मारणारे ही चूक हमखास करतात.

प्रत्येक भागात चार मानांकित असतात: एक पहिल्या आठातला, एक ९ ते १६ मधला, दोघे १७ ते ३२ मधले. मानांकितांची गाठ तिसऱ्या फेरीच्या आधी पडत नाही. तिसऱ्या फेरीत पहिल्या आठातल्यासमोर २५ ते ३२ मधला येतो, ९ ते १६ वाल्यासमोर १७ ते २४ मधला. चौथ्या फेरीत भागातले दोन बडे समोरासमोर. अर्थात सगळे आपापले सामने जिंकले तर!

आता प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: यातला सगळ्यात वरचा मानांकित लाल मातीवर, म्हणजे पॅरिसच्या क्ले कोर्टवर, खरंच तेवढा मोठा आहे का?

कारण मानांकन क्रमवारीवरून ठरतं, आणि क्रमवारीत ५२ आठवड्यांचे सगळ्या कोर्टांवरचे गुण असतात. हार्ड कोर्टवर वर्षभर कमावलेला माणूस पॅरिसला मोठं मानांकन घेऊन येतो, पण पायाखालची जमीन बदललेली असते. डॅनिल मेदवेदेव हे याचं ठळक उदाहरण. अमेरिकन ओपन जिंकलेला, क्रमवारीत अव्वल राहिलेला खेळाडू, पण पॅरिसला पहिल्या चार खेपांना, २०१७ ते २०२०, पहिल्याच फेरीत हरला. २०२३ मध्ये तर तो दुसरा मानांकित होता, आठवड्यापूर्वी रोमला क्ले कोर्टवरच विजेता झाला होता, आणि पहिल्या फेरीत जगात १७२ व्या क्रमांकाच्या थियागो सेबोथ वाइल्ड या क्वालिफायरने त्याला घरी पाठवलं. ‘गळती’च्या रकान्यात त्या वर्षी त्याचं नाव लिहायला छाती लागली असती. ‘का बे, रोम जिंकलाय तो’ असंच सगळे म्हणाले असते.

उलट कॅस्पर रुडसारखे खेळाडू. क्रमवारीत त्याच्या वर बरेच जण होते, पण २०२२ आणि २०२३ मध्ये तो अंतिम फेरीत होता आणि २०२४ मध्ये उपांत्य. अशा माणसाच्या भागात मोठा मानांकित कोण आहे हे न बघताही त्याचं नाव विचारात घ्यावं.

दुसरा प्रश्न: भागात बिगरमानांकित पण धोकादायक कोण पडलंय? दुखापतीतून परतलेले जुने विजेते, बाळंतपणानंतर आलेल्या खेळाडू, यांची क्रमवारी घसरलेली असते आणि ते ड्रॉमध्ये कुठेही पडू शकतात. २०२४ मध्ये नदाल असाच बिगरमानांकित होता आणि पहिल्याच फेरीत झ्वेरेवसमोर आला. तिथे झ्वेरेव सरळ तीन सेटमध्ये जिंकला, पण ड्रॉ निघाला त्या गुरुवारी कोण छातीठोक सांगत होतं? त्याच वर्षी श्वियाटेकची दुसऱ्या फेरीत नाओमी ओसाकाशी गाठ पडली. ओसाका बिगरमानांकित. श्वियाटेकने मॅच पॉइंट वाचवून तो सामना काढला आणि पुढे स्पर्धा जिंकली. विजेती दुसऱ्या फेरीत एका गुणावर बाद होणार होती!

तिसरी गोष्ट, पुरुष आणि महिलांचे तक्ते एकाच नजरेने भरू नका. पुरुषांचे सामने पाच सेटचे. पहिला सेट हरला, दुसराही हरला, तरी चांगल्या खेळाडूला परतायला वेळ असतो. त्यामुळे २००५ ते २०२५ या काळात पुरुषांचा प्रत्येक विजेता पहिल्या आठ मानांकितांमधलाच निघाला. आठवा मानांकित म्हणजे २०१५ चा वाव्रिंका, तो सगळ्यात खालचा. शेवटचा बिगरमानांकित विजेता २००४ चा गॉडिओ. महिलांचे सामने तीन सेटचे, तिथे एक वाईट तास पुरतो. २०१० मध्ये १७ वी मानांकित शियावोने जिंकली. २०१७ मध्ये ओस्टापेन्को, २०२० मध्ये श्वियाटेक, २०२१ मध्ये क्रेचिकोव्हा, तिघीही बिगरमानांकित. पाच वर्षांत तीन.

माझा सल्ला असा: पुरुषांत विजेता आणि अंतिम फेरीसाठी पहिल्या आठाबाहेर जाऊ नका, धाडस ‘गळती’त करा. महिलांत आठपैकी एक-दोन भाग असे निवडा जिथे वरची मानांकित डळमळीत आहे, आणि तिथे बिगरमानांकित नाव घाला. आठही भागांत घालू नका. मागच्या वर्षी कोणी तरी अनोळखी पोचलं म्हणून यंदा चार अनोळखी लिहिणारे गटात दरवेळी असतात, आणि ते तळाशी दिसतात.

भरायचा क्रमही उलटा ठेवा. बहुतेक जण आठ नावांपासून सुरू करून वर जातात. त्याऐवजी आधी विजेता ठरवा, मग ड्रॉच्या दुसऱ्या अर्ध्यातून दुसरा अंतिम फेरीवाला, मग उपांत्यचे उरलेले दोघं, आणि शेवटी उरलेले चार भाग. गुण ज्या नावांवर जास्त त्यांच्यावर डोकं ताजं असताना विचार होतो. शिवाय खालून वर गेलं की माणूस प्रत्येक पायरीला ‘बरा कोण’ एवढंच बघतो आणि शेवटी ज्याच्या नावावर स्वतःचाच विश्वास नाही असा विजेता हाती येतो.

मातीचं आणि हवेचं गणित

आपल्याकडे कुमठा नाक्याला महिलांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात त्यांनी हार्ड कोर्ट पाहिलंय. चेंडू झपकन येतो, झपकन जातो. पॅरिसचं कोर्ट म्हणजे चुनखडीच्या कुटलेल्या थरावर विटांच्या चुऱ्याचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर. पण तेवढ्याने चेंडूचा वेग मरतो आणि उसळी वाढते. जोरदार सर्व्हिसवर फुकट मिळणारे गुण कमी होतात, रॅली लांबतात, घसरत जाऊन चेंडू गाठता येणं हीच निम्मी कला ठरते. पीट सॅम्प्रसने १४ ग्रँड स्लॅम जिंकले, पण पॅरिसला १९९६ च्या उपांत्य फेरीपुढे तो कधी गेला नाही. नदालने मात्र तिथे १४ वेळा विजेतेपद घेतलं आणि ११६ सामन्यांपैकी फक्त ४ गमावले. भरपूर टॉपस्पिन, उंच उसळी, न थकणारे पाय: ही तीन लक्षणं ज्याच्यात दिसतील त्याला एक पायरी वर धरा. सर्व्हिसच्या जिवावर जिंकणाऱ्याला एक पायरी खाली.

आधीच्या स्पर्धा बघताना सगळ्यांना सारखं तोलू नका. मोंटे कार्लो, बार्सिलोना, माद्रिद, रोम असा एप्रिल-मेचा क्रम असतो. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, चेंडू वेगाने जातो, सर्व्हिसवाल्यांचं फावतं. तिथला विजेता पॅरिसला चालेलच असं नाही. रोमची परिस्थिती पॅरिसच्या जास्त जवळची. २०२५ मध्ये अल्कराझ मोंटे कार्लो आणि रोम जिंकून आला आणि पॅरिसही घेऊन गेला. मेदवेदेवचं वर सांगितलंच, तेव्हा रोमही शंभर टक्के नव्हे. मी तरी एका विजेतेपदापेक्षा दोन-तीन स्पर्धांत सलग उपांत्यपूर्वपर्यंत जाणाऱ्याला जास्त मानतो.

ऐन आदल्या आठवड्यातही जिनेव्हा, हॅम्बर्ग, स्ट्रासबर्गसारख्या स्पर्धा असतात. तिथे अंतिम फेरी खेळलेला थकलेला असणार असं आपण धरतो. पण २०२१ मध्ये क्रेचिकोव्हा स्ट्रासबर्ग जिंकून पॅरिसला आली आणि तिथेही जिंकली. थकव्यापेक्षा दुखापतीच्या बातम्यांकडे लक्ष द्या: कोण सामना अर्धवट सोडून गेलं, कोणाच्या मांडीला पट्टी होती.

हवामान शनिवारी बघा. सोलापुरात पारा ४२ वर आहे म्हणून पॅरिसमध्ये ऊन असेल असं नाही. तिथे मे अखेरीला स्वेटरही लागतो. कोरडं ऊन असेल तर चेंडू हलका राहून उसळतो. गारठा आणि दमट हवा असेल तर माती चिकटून तो जड होतो आणि ताकदीने मारणाऱ्याचे फटके मंदावतात. दोन मुख्य कोर्टांवर आता छप्पर आहे, फिलिप शात्रिएवर २०२० पासून आणि सुझान लेंग्लेनवर २०२४ पासून. मोठ्या खेळाडूंचे सामने पावसातही होतात. बाकीच्यांना ताटकळावं लागतं, आणि कधी दोन दिवस लागोपाठ खेळावं लागतं. दुसऱ्या आठवड्याचा कागद भरताना कोण किती तास कोर्टावर घालवून आलाय हे जरूर मोजा.

घरच्या प्रेक्षकांचं वजनही विसरू नका. २०२५ मध्ये लोइस बोइसन ही फ्रान्सची ३६१ व्या क्रमांकाची खेळाडू वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) आली आणि तिसरी मानांकित पेगुला, सहावी मानांकित आंद्रिवा यांना हरवून उपांत्य फेरीत गेली. पहिल्या कागदावर तिचं नाव कोण लिहिणार? पण दुसऱ्या कागदावर, पेगुलाला हरवल्यानंतर, आंद्रिवाविरुद्ध तिचं नाव लिहिता आलं असतं.

माघार, पुढे चाल आणि वादावादी

तुमच्या तक्त्यातल्या खेळाडूने मुदतीनंतर, पण स्वतःच्या पहिल्या सामन्याआधी माघार घेतली तर त्याच भागातलं दुसरं नाव द्यायची मुभा असावी, त्या भागात एकही चेंडू पडला नसेल तरच. एकदा खेळायला उतरला की सवलत संपली. सामना अर्धवट सोडला तरी तो हरला, आणि पुढे चाल मिळालेल्याने (समोरचा न खेळल्याने जिंकलेल्याने) ती फेरी गाठली असंच धरायचं. ‘गळती’त लिहिलेला न खेळताच गेला तर? आमच्याकडे त्याचे गुण देत नाहीत, त्या जागी नवं नाव घेतात. तुम्ही वेगळं ठरवा, पण आधी ठरवा.

निकाल स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच. ‘मी टीव्हीवर बघितलं’ ही साक्ष चालत नाही. मुनिमाने एका शेअर केलेल्या शीटमध्ये प्रत्येकाचा रकाना करावा, ओळींत १८ जागा, बरोबर आलेल्याला हिरवा रंग, खाली बेरीज. बदल करायचा अधिकार फक्त त्याला, बाकीच्यांना बघायचा. रोज रात्री अकराला एकच मेसेज: पहिले तीन, शेवटचे तीन. पूर्ण यादी रोज टाकली तर कोणी वाचत नाही. शेवटचे तीन मात्र सगळे वाचतात.

बक्षीस आणि बरोबरी

पहिल्याला सोलापुरी चादर, दुसऱ्याला टॉवेल. टेनिसच्या बक्षिसाला टॉवेल शोभतोही. खर्च तळाच्या तिघांचा, शिवाय अंतिम सामन्याच्या संध्याकाळची डिस्को भजी आणि चहाही त्यांच्याकडे. महिलांचा अंतिम सामना शनिवारी असतो, त्यालाही सगळ्यांनी जमायचं. रविवारवरच गर्दी करणाऱ्यांनी २०२५ ची सबालेन्का-गॉफ लढत चुकवली असेल.

गुण समान झाले तर निकाली प्रश्न लागतो, आणि तो पहिल्या कागदावरच विचारून ठेवायचा: पुरुषांच्या अंतिम सामन्यात एकूण किती गेम होतील? सगळ्यात जवळचा आकडा जिंकतो. कमीत कमी १८ होऊ शकतात. २०२२ पासून पाचव्या सेटलाही ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेकर असल्याने जास्तीत जास्त ६५. अंदाज बांधायला काही जुने आकडे: २०२२ मध्ये नदालने रुडला ६-३, ६-३, ६-० असं हरवलं, गेम २४. २०२४ मध्ये अल्कराझ-झ्वेरेव पाच सेट गेले, ४४. २०२५ मध्ये अल्कराझने सिन्नरविरुद्ध तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून ५ तास २९ मिनिटांत सामना काढला, तिथला सर्वाधिक वेळ चाललेला अंतिम सामना तो, आणि गेम ५९. पंचेचाळीसच्या आसपास लिहिणारे बरेच असतात, म्हणून तुमची निवड त्यापासून थोडी बाजूला ठेवा. समोरच्याने ४४ लिहिलं असेल असं वाटलं तर ४० किंवा ४८.

यातही दोघं सारखेच निघाले तर दोघांनाही चादर. तळाच्या तिघांनी आधीच दोन चादरींची तयारी ठेवलेली बरी.